गल्लीतलं शेवटचं घर

दुपारची जेवणं उरकली असतील. भांडी घासायची राहिली असतील तर राहू द्या अर्धा तास. आज मी तुम्हाला खूप लांबच्या एका शहराची गोष्ट सांगणार आहे. शहर अमेरिकेतलं असलं तरी गोष्ट आपलीच आहे, हे ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईलच.

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "मॅडम, वादळ येतं तेव्हा सरकारी माणूस पोचायला वेळ लागतो. तोवर आपण काय करायचं?" उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून म्हटलं, रेडिओवरच सविस्तर बोलू.

शहराचं नाव न्यू ऑर्लिन्स. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाची मोठी नदी समुद्राला मिळते, त्याच्या थोडं अलीकडे हे शहर आहे. फ्रेंचांनी १७१८ मध्ये ते वसवलं. त्या जुन्या भागाला आजही फ्रेंच क्वार्टर म्हणतात. अरुंद गल्ल्या, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या आणि रस्त्यावरून कळणारही नाही असा आत चौक, आपल्या जुन्या वाड्यांना असतो तसा. ही कलंदरांची वस्ती. चित्रकार चौकाच्या कठड्याला चित्रं टांगून विकतात, वाजंत्री कोपऱ्यावर उभे राहून वाजवतात. फॉकनर आणि टेनेसी विल्यम्स यांच्यासारखे मोठे लेखक इथे राहून गेले. पण वस्ती काही फक्त कलावंतांची नाही. हॉटेलात टेबलं पुसणारे, पर्यटकांसाठी खेचराच्या गाड्या हाकणारे, टी-शर्ट विकणारे असे रोजच्या कमाईवर जगणारेही तिथे आहेत. पुष्कळ जण भाड्याने राहणारे, पुष्कळ जण एकटे.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅटरिना नावाचं चक्रीवादळ समुद्रात तयार झालं. समुद्रावर असताना त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी २८० किलोमीटरपर्यंत गेला होता. रविवारी, २८ ऑगस्टला सकाळी महापौरांनी सगळ्यांना शहर सोडायचा हुकूम दिला. सोमवारी, २९ तारखेला पहाटे वादळ किनाऱ्याला धडकलं. म्हणजे हातात पुरता एक दिवसही नव्हता.

तुम्ही म्हणाल, हुकूम निघाला तरी लोक का गेले नाहीत? हा प्रश्न तिथेही लोकांनी विचारला, आणि जरा कुचकटपणेच विचारला. पण उत्तर ऐका. त्या शहरात चारातल्या एका कुटुंबाकडे स्वतःची गाडी नव्हती. आणि दुसरी गोष्ट आपल्याला लगेच कळेल. तारीख होती २९. महिनाअखेर! पेन्शनचा, मदतीचा चेक एक तारखेला यायचा. हातात पैसा नसताना बसचं तिकीट कुठून काढायचं, परगावी लॉजवर कशाच्या जिवावर राहायचं? काही जण आजारी आईवडिलांना सोडून जाऊ शकत नव्हते. पुष्कळ जण कुत्र्या-मांजरांपायी थांबले, कारण सुटकेच्या गाडीत आणि निवाऱ्यात जनावरांना घेत नव्हते. आपल्याकडे गोठ्यातली गाय आणि दारची शेळी सोडून कोण बाई जाईल? पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेत कायदा झाला की आपत्तीचं नियोजन करताना पाळीव जनावरांचाही विचार करायचा.

आता पाण्याचं बघू. वारा ओसरला तेव्हा लोकांना वाटलं, वाचलो. पण खरा घात त्यानंतर झाला. या शहराचा जवळजवळ निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. शहराच्या उत्तरेला मोठं सरोवर आहे आणि तिथून शहरात कालवे येतात. वादळाने फुगलेलं पाणी या कालव्यांत घुसलं. शहरातले आणि भोवतालचे बांध आणि भिंती ठिकठिकाणी फुटल्या, पन्नासहून जास्त जागी. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. काही वस्त्यांत पाणी छपरापर्यंत चढलं. ते सगळं उपसून काढायला सहा आठवडे लागले.

पण फ्रेंच क्वार्टर मात्र जवळपास कोरडं राहिलं. नदीच्या अगदी काठाला असूनही! हे कसं? आपल्याकडे खाडीकाठी राहणाऱ्या बायकांना हे चटकन समजेल. मोठी नदी दर पुराला गाळ आणते आणि सगळ्यात जास्त गाळ काठावरच टाकते. हजारो वर्षांत काठाची जमीन उंच होत जाते आणि काठापासून लांब गेलं की उतार लागतो. जुन्या माणसांनी हे ओळखून उंचवट्यावर घरं बांधली. पुढे शहर वाढलं तेव्हा मागची दलदल पंपांनी उपसून तिथे वस्त्या उभ्या केल्या. पाणी उपसलं की अशी जमीन सुकते आणि खचते. वादळाचं पाणीही नदीकडून आलं नाही, पाठीमागून सरोवराकडून आलं. म्हणून काठावरचे वाचले आणि मागचे बुडाले.

फ्रेंच क्वार्टरमध्ये पाणी भरलं नाही, पण वीज गेली, नळ बंद पडले, दुकानं बंद, फोन बंद. सप्टेंबरचा उकाडा. चारी बाजूंना बुडालेलं शहर आणि मदतीच्या गाड्यांचा पत्ता नाही. अशा वेळी मागे राहिलेले लोक काय करत होते, ते पत्रकारांनी लिहून ठेवलं आहे.

त्यांनी छोटे छोटे गट केले. आपण दहा-बारा जणींचा बचत गट करतो ना, तसेच. फरक एवढाच की त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं आणि दशसूत्रीही शिकवली नव्हती. गरज पडली आणि गट झाले. एरवी शेजारी कोण राहतं हे माहीत नसलेली माणसं एकत्र बसून कामं वाटून घेऊ लागली. काही जण नदीवर जाऊन सगळ्यांचे कपडे धुऊन आणायचे, तेवढ्या वेळात बाकीचे सगळ्यांच्या घरांची राखण करायचे.

बर्बन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर जॉनी व्हाइट्स नावाचा एक बार होता. बार म्हटल्यावर नाक मुरडू नका, पुढे ऐका. तो बार वादळातही बंद झाला नाही. तिथे नुसती गरम बिअर मिळत नव्हती, तर सैनिकांसाठी असतात तशी जेवणाची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या मिळतील तिथून आणून वाटत होते. लोक तिथे यायचे, कोण दिसलं, कोण दिसलं नाही ते विचारायचे. एका माणसाला लुटारूंनी मारहाण करून त्याचा कान फाडला होता. डॉक्टर नव्हता. बारमध्ये काम करायला उभ्या राहिलेल्या एका गिऱ्हाइकाने सुई-दोरा घेऊन त्या कानाला टाके घातले. रोजच्या बसण्याच्या जागेचं त्या दिवसांत समाजमंदिर झालं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

यातून मला एक गोष्ट कळली. संकटात लोक नव्या जागी जमत नाहीत, रोज जिथे जमतात तिथेच जातात. आपल्याकडे ती जागा कुठे देवळाचा सभामंडप असेल, कुठे अंगणवाडी, कुठे गिरण. तुमच्या वाडीतली ती जागा कुठली, हे आजच ठरवून ठेवा.

आणखी एक छोटी गोष्ट. दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या वस्तीत समलिंगी मंडळींची एक मोठी मिरवणूक निघते. त्या वर्षी शहर बुडालेलं. तरी रविवारी, ४ सप्टेंबरला, वीस-पंचवीस जण रंगीबेरंगी कपडे घालून रस्त्यावर चालले. कोणाला वाटेल, हे काय नाचायचे दिवस आहेत? पण आपणही वादळानंतरच्या वटपौर्णिमेला पडलेल्या झाडाच्या फांदीला दोरा गुंडाळलाच होता. आपण अजून आहोत, हे आपल्यालाच सांगावं लागतं कधी कधी.

मैत्रिणींनो, गोष्ट इथे संपवली असती तर फार गोड झाली असती. सगळे एकत्र आले आणि सगळे तरले. पण खरी गोष्ट अशी नाही, म्हणून उरलेलीही सांगते.

पहिलं म्हणजे, फ्रेंच क्वार्टरचे लोक एकीमुळे टिकले हे खरं, पण आधी ते उंच जमिनीमुळे वाचले. ज्यांच्या छपरावरून पाणी गेलं त्यांच्यात एकी नव्हती का? होती. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना होडीतून, दारांच्या फळ्यांवरून, पोहत ओढून बाहेर काढलं. तरी या वादळात १,३०० हून जास्त माणसं गेली. लुईझियाना राज्यात गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे ७५ वर्षांच्या पुढचे होते. शहराला लागून असलेल्या भागातल्या एका वृद्धाश्रमात ३५ जण बुडाले. सखल भागात राहणाऱ्यांत गरीब आणि काळे लोक पुष्कळ होते. एकी ही बांधाला पर्याय नाही. चांगला बांध, वेळेवर गाडी, निवाऱ्यात पाणी आणि शौचालय हे सरकारकडून मागायचंच. आपण शेजारधर्म पाळतो म्हणून मागणं सोडायचं नाही.

दुसरं, अफवा. शहरातल्या सुपरडोम नावाच्या प्रचंड मोठ्या क्रीडागृहात वीस हजारांहून जास्त माणसं आसऱ्याला होती. तिथे खून पडताहेत, लहान मुलांवर अत्याचार होताहेत, अशा बातम्या जगभर गेल्या. पुढे तपासात त्यातल्या बहुतेक खोट्या निघाल्या. पण तोवर नुकसान झालं होतं. लुटालूट थांबवण्यासाठी सुमारे दीड हजार पोलिसांना माणसं वाचवण्याचं काम सोडून माघारी बोलावलं गेलं. आपल्या व्हॉट्सॲपच्या गटावर "पुढे पाठवा" म्हणून जे येतं, त्याची किंमत अशी कोणीतरी तिसराच मोजत असतो.

तिसरी गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नदीच्या पलीकडे अल्जिअर्स नावाचा भाग आहे. तोही कोरडा राहिला होता. तिथल्या एका कोपऱ्यातले गोरे शेजारी एकत्र आले. त्यांनी रस्ते अडवले, पहारे लावले, हातात बंदुका घेतल्या. आपली वस्ती राखायची म्हणून. आणि त्या रस्त्याने बोटीकडे जाणाऱ्या काळ्या तरुणांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुष्कळ वर्षांनी त्यातल्या एकाला कोर्टाने दहा वर्षांची शिक्षा दिली.

आणि त्याच अल्जिअर्समध्ये, त्याच आठवड्यात, मलिक रहीम नावाच्या काळ्या कार्यकर्त्याच्या घरी तिघे जण बसले. तो, शॅरन जॉन्सन नावाची बाई आणि एक गोरा मित्र. त्यांच्याकडे मिळून ५० डॉलर होते. त्यातून त्यांनी मदतीचं काम सुरू केलं. काही दिवसांत जवळच्या मशिदीत मोफत दवाखाना उघडला. येईल त्याला तपासायचं, कोण कुठला हे विचारायचं नाही. पुढे हजारो स्वयंसेवक तिथे येऊन राबले.

बघा, दोन्हीकडे शेजारी एकत्रच आले होते. दोन्हीकडे एकी होती. मग फरक कुठे पडला? एकाने विचारलं, "आपल्यात कोण नाही?" आणि त्याला बाहेर ठेवलं. दुसऱ्यानेही विचारलं, "आपल्यात कोण नाही?" आणि त्याला आत घेतलं. प्रश्न तोच होता.

आता मी माझं सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. नारळी-पोफळीची आगरं आडवी झाली, कौलं उडाली, वीज कितीतरी दिवस आली नाही. त्यात कोरोना, एकमेकींच्या ओटीवर बसायचीही भीती. तरी आपल्या गटांनी काम केलं. आमच्या वाडीत दुसऱ्याच दिवशी एका पडवीत सामायिक चूल पेटली. पडलेल्या झाडांचं सरपण होतंच. ज्यांच्याकडे फ्रीज होता त्यांनी आधी फ्रीजमधली मासळी आणि दूध बाहेर काढलं. मी वहीत यादी केली. गटनिहाय. कोणाकडे किती माणसं, कोणाला काय हवं. फार व्यवस्थित यादी होती, मला तिचा अभिमान होता.

चौथ्या दिवशी आशाताई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "वरच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातल्या आजींकडे कोण गेलं होतं?" कोणीच गेलं नव्हतं. आजींचं नाव माझ्या यादीत नव्हतं, कारण त्या कुठल्याच गटात नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी कर्जाचे हप्ते थकले म्हणून गटाने त्यांना कमी केलं होतं आणि त्या ठरावावर माझीच सही होती. आम्ही धावत गेलो. अर्धं छप्पर गेलेलं, ताडपत्रीचा तुकडा डोक्यावर, बीपीची गोळी संपलेली, आणि आजी भिजलेले तांदूळ उन्हात वाळवत बसलेल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही मंडळी कामात असाल म्हणून हाक नाही मारली गो." त्या दिवशी मला माझ्या वहीची लाज वाटली. आजी वाचल्या. पण तो माझ्या यादीचा गुण नव्हता.

कॅटरिनाविषयी मी वाचायला लागले ती त्यानंतर. तिथे शोधपथकं प्रत्येक घराच्या भिंतीवर रंगाने मोठी फुली काढत. फुलीच्या चार कोनांत लिहायचं. कोणतं पथक आलं, कोणत्या तारखेला, घरात काय धोका आहे आणि किती माणसं सापडली. एकेका घरावर. गटात आहे का, कर्ज फेडलंय का, हे त्या फुलीत कुठेच नव्हतं. तेव्हा कळलं की यादी गटाची करायची नसते, घरांची करायची असते.

म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रामसंघाने चार गोष्टी करायच्या, असं मी सुचवते.

पहिली, घरांची यादी. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही दार न सोडता. एकटं कोण राहतं, अंथरुणाला कोण खिळलंय, गरोदर कोण, कोणाची रोजची गोळी कोणती. जे गटात नाहीत, ज्यांच्याशी बोलणं नाही, जे परगावाहून कामाला आलेत, त्यांची नावं आधी लिहायची. यादी कागदावर ठेवा. मोबाइल बंद पडला की त्यातली यादीही बंद पडते.

दुसरी, कामाची वाटणी. पाणी कोण बघणार, चूल कोण सांभाळणार, औषधांकडे कोण लक्ष देणार आणि निरोप कोण पोचवणार. प्रत्येक कामाला दोन जणी, म्हणजे एक अडकली तर दुसरी आहे. क्लोरीनच्या गोळ्या उपकेंद्रातून आधीच मागून ठेवा. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल तर पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका, दिसायला कितीही स्वच्छ असलं तरी.

तिसरी, हातात रोकड. २९ तारखेची गोष्ट विसरू नका. निसर्गनंतर आपल्याकडे वीज नाही म्हणून एटीएम बंद होतं, हे आठवतं ना? ग्रामसंघाकडे जोखीम निधी असतो. पावसाळ्याच्या तोंडावर त्यातली थोडी रक्कम रीतसर ठराव करून रोख ठेवता येईल का, यावर येत्या बैठकीत चर्चा करा. कोणाकडे ठेवायची, हिशेब कोण लिहिणार, हेही त्याच ठरावात लिहा, म्हणजे पुढे वाद नको.

चौथी, खात्री केल्याशिवाय बातमी पुढे पाठवायची नाही. धरण फुटलं, पाणी सोडलं, चोर आलेत असं काही ऐकलं तर आधी पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांना विचारायचं, मगच सांगायचं.

एक आठवण सांगून थांबते. कॅटरिनाच्या एकच महिना आधी, २६ जुलै २००५ ला, आपली मुंबई बुडाली होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या रात्री झोपडपट्टीतल्या बायकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा दिला, कोरडे कपडे दिले. कोणाची जात विचारली नाही की नाव विचारलं नाही. एका महिन्याच्या अंतराने, पृथ्वीच्या दोन टोकांना, माणसं तशीच वागली. म्हणजे हे शिकवावं लागत नाही, ते आपल्यात असतंच. शिकावं लागतं ते एवढंच की गल्लीतलं शेवटचं घर राहून जाऊ नये.

आमच्या त्या आजी आता पुन्हा गटात आहेत. थकलेले हप्ते गटाने हळूहळू फेडून घ्यायचं ठरवलं. बैठकीला सगळ्यात आधी येऊन सतरंजी त्याच घालतात. आणि या वर्षीच्या घरांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं आहे.

तर मैत्रिणींनो, भांडी घासून झाली की आज संध्याकाळी एक काम करा. आपल्या गल्लीच्या टोकापर्यंत चालत जा आणि शेवटच्या दारात जरा वेळ बसून या. भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.